सालदाराला केलेला उपदेश

म्हसावद, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६०

उद्या अक्षय तृतीया, आमची आखाजी. सालदारांचं साल उद्या संपतं, हे काय मला ठाऊक नाही? तरी सकाळी आमचा भिका ओट्यावर येऊन म्हणाला, "मास्तर, आते मी ब्राह्मणपुरीले जास. तठे पगार जास्ती शे," आणि माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं आमच्या शेतात राबलेला माणूस! इमानावर त्याला तासभर ऐकवलं, वर्गात ऐकवतो तसं. बिचारा मान खाली घालून ऐकत होता. आणि माझ्या कोटाच्या खिशात? नंदुरबारच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र. दीडपट पगार. येऊन तीन दिवस झाले.

बायको दारातूनच हसत म्हणाली, "आनि तुमना खिसामा काय शे?"

मेलो! लाज वाटली, पण आधी हसूच फुटलं. पत्र काढून भिकाला वाचून दाखवलं. तो माझ्याहून खूश. मग अगदी सहज विचारतो, "हेडमास्तरले सांगं का?"

कुठलं सांगतोय! तीन दिवस ते समोर दिसले की मी वाट बदलतोय. आणि हा गडी सरळ माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला.

"चाला, मी येस संगे," भिका म्हणाला.

गेलो. हेडमास्तरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि इमानावर तासभर ऐकवलं. दाराशी भिका पटक्याचं टोक तोंडात धरून हसत होता. मी मान खाली घातली खरी, पण नजर सारखी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे जात होती.