एकटा बोंबील वाळत नाही

रविवार, १५ डिसेंबर १९८५

सालवडच्या खोलीला आज रामराम ठोकला. सहा माणसांत एक पंखा, त्यातले चार घोरणारे. जीव सुटला! कंपनीतून दीड महिन्याची रजा काढली, ट्रंक उचलली आणि तारापूरच्या पुढे, अगदी समुद्राला लागून असलेल्या एकनाथ मास्तरांच्या व्यायामशाळेत दाखल झालो. व्यायामशाळा म्हणजे होड्या ठेवायची जुनी शेड. पण लोखंड अस्सल आहे आणि एका भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. मागच्या टोकाला फळ्यांची एक खोली, ती माझी. दाराला कडी नाही. मी ट्रंक दाराला लावून ठेवली.

२ फेब्रुवारीला पालघरला शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे, माझी पहिलीच. आप्पांना पत्र टाकलं. त्यांची हयात विट्याच्या तालमीत गेली. अंगाला तेल चोपडून लोकांपुढे उभं राहणं हा त्यांच्या लेखी नाच्याचा धंदा. मी लिहिलं, पहिला नंबर आला तरच घरी तोंड दाखवीन. लिहून बसलो खरा.

मास्तरांनी मला चड्डीवर उभं करून बैलबाजारात पाहतात तसं चारी अंगांनी पाहिलं. म्हणाले, माल चांगला हाय, पाणी लय हाय. कातडीखालचं पाणी आटलं की स्नायू उठून दिसतात. त्यांच्या आईने, येसूबाईंनी, बारा उकडलेली अंडी पुढे ठेवली. पिवळं काढून खायचं. हसत हसत खाल्ली.

मंगळवार, १७ डिसेंबर

जोडीदार मिळाला. उमरोळीचा महादू, माझ्याच वजनाचा, तोंडात कायम गाणं. मास्तर दरवर्षी दोघांनाच तयार करतात आणि स्टेजवर एकालाच पाठवतात. महादू म्हणाला, बघू कोन जातो, आणि पाठीत धपका घातला.

आज फजिती झाली. येसूबाई बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या, मी मदतीला गेलो. एक मासा उचलून बांबूवर टाकला, तो घसरून वाळूत. पुन्हा टाकला, पुन्हा वाळूत. बाई हसून बेजार. एकला बोंबील कदी सुकतो का, जोडी लाव, म्हणाल्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, मग दोघं दोन बाजूंनी लोंबत राहतात. मीठही लावायचं नाही. मीठ लागलं की तो मास्तरांच्या भाषेत खारवलेला, वेगळ्या टोपलीतला.

तिथेच गेल्या वर्षीचा विजेता नवशा बसला होता. अंग अजून दगडासारखं, डावा कान मात्र अर्धाच. बोलत नाही. मी हात पुढे केला तर माझ्या तोंडाकडे बघत मागे सरकला.

रविवार, ५ जानेवारी १९८६

वजन सहा किलो उतरलं. पहाटे ओल्या वाळूत रनिंग, तेही दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून. मग दोरीच्या उड्या. जेवण म्हणजे अंडी, उकडलेला भोपळा आणि भाजका बोंबील. रनिंगमध्ये जो मागे पडेल त्याच्या मांड्यांवर मास्तर ओला दोर ओढतात. पहिला दोर बसला तेव्हा मी हसलो होतो. आता नाही हसत. पण पोटावर चौकोन उठले आहेत, आरशासमोरून हलवत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. येसूबाईंनी चोरून तिळाचा एक लाडू दिला. महादूने पाहिलं आणि मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी माझ्या घशात दोन बोटं घालून तो बाहेर काढला.

संध्याकाळच्या रनिंगआधी महादूच्या बुटात शिंपल्यांचे तुकडे भरले. पाच मैल रक्ताळल्या पायांनी धावला. मला फार बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

कालपासून मीठ बंद, मिठाने अंग पाणी धरतं म्हणून. सगळंच अळणी. महादू गाणं म्हणत नाही. धावताना त्याने मला खडकांवर ढकललं, गुडघा उघडा पडला. मास्तरांनी पाहिलं आणि मान डोलावली, शिकवणी बरोबर चालल्यासारखी.

शनिवार, २५ जानेवारी

भिंतीवरच्या नवशाच्या फोटोत शेजारचा माणूस ब्लेडने कापून काढला आहे. येसूबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्याचा जोडीदार, वाणगावचा जिवल्या. कुठे असतो? बाई उठून आत गेल्या.

निघून जावं असं दुपारी मनात आलं. ट्रंकही भरली. मग आरशात पाहिलं. असं अंग आप्पांच्या तालमीत कुणाचंच नव्हतं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. ट्रंक रिकामी केली.

गुरुवार, ३० जानेवारी

पाणी दिवसाला दोघांत मिळून दोन पेले. त्यातला एक रनिंग जिंकणाऱ्याचा, एक मास्तर वाळूत ओततात. आज महादू जिंकला. मी ओली वाळू तोंडात धरली. त्याने येऊन माझं डोकं वाळूत दाबलं. मी त्याच्या करंगळीचं हाड मोडलं. आवाज आला. दोघांपैकी कोणी ओरडलं नाही, घसा कोरडा.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मास्तरांनी सकाळी शेडला बाहेरून कुलूप घातलं. आत आम्ही दोघं. बाकावर पाण्याचा एक पेला. म्हणाले, आता सुकायचं.

पेल्याला कोणीच हात लावत नाही. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

शनिवार, १ फेब्रुवारी, सकाळ

पेला सांडला. दोघं एकदम झेपावलो. त्याने डंबेल माझ्या बरगडीत हाणलं, काहीतरी आत तुटलं. मी त्याला खाली घेतला, आप्पांसारखा पट काढून. तोंडाशी त्याचा कान आला.

चावलो. तुकडा निघाला.

खारट. पंधरा दिवसांनी जिभेला मीठ लागलं. सोडवेना. तो खाली तडफडत होता आणि मी चोखत होतो — देवा, किती गोड लागलं!

दुपार

खिडकीतून येसूबाईंनी पाहिलं. माझं तोंड पाहून कपाळ बडवून घेतलं. जिवल्यानंबी हेच केलं रं, म्हणाल्या. हेच केलं.

नवशाचा अर्धा कान. म्हणजे जिंकला तो चावणारा नव्हे —

थोड्या वेळाने

मास्तर आले. माझी जीभ बाहेर काढायला लावली, बोट फिरवून चाखलं. हा खारावला, म्हणाले. याला आता पाणी धरंल, स्टेजवर नाय चालायचा. रागावले नाहीत. महादूच्या कानाला फडकं बांधलं, त्याला पेलाभर पाणी पाजलं आणि बारबेलचा दांडा काढून त्याच्या हातात दिला. मग पुन्हा कुलूप.

मी फळ्यांच्या खोलीत. ट्रंक दाराला लावली आहे. पाठ ट्रंकेला.

महादू गातो आहे. इतक्या दिवसांनी.

पहिला घाव. वरची फळी गेली. फटीतून ऊन आलं, त्यात माझं पोट दिसतंय. सगळे चौकोन जागेवर आहेत. मास्तर खोटं बोलले, पाणी धरलेलं नाही. कोणी तरी बघा. उद्या मी —

दुसरी फळी.

आप्पा, मी तयार होतो. खरंच तयार होतो, नुसता एक दिवस रा