नाव गाळून पुढे पाठवलेला नारळ

८ फेब्रुवारी
गोविंदरावांनी पुन्हा माझं वाक्य चोरलं. सकाळी झाँसीच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं: "मानिक चौकाच्या रस्त्यासाठी मंत्र्यांनी तिसऱ्यांदा नारळ फोडला. रस्ता नाही, खोबरं मात्र भरपूर. आता एक नारळ आपण त्यांना देऊ या." खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. दुपारी तेच वाक्य दुसऱ्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आलं, नाव छाटून.
फोन केला. म्हणाले, "ताई, विनोद सगळ्यांचा असतो. पोह्यांना कुणी नाव लावतं का?"
म्हटलं, "तुमच्या पोह्यांना कोण लावणार."
शाळेत सिस्टर बिननावाचा निबंध वाचतच नसत, थेट टोपलीत. तेव्हा राग यायचा.

१० फेब्रु.
वरच्या मजल्यावरची रेखा वाटी द्यायला आली. नवरा प्रकाश फौजेत, बबीनाच्या छावणीत नाईक. क्वार्टर मिळेपर्यंत माझ्याकडे भाड्याने. वाटीत कारळ्याची चटणी. "काकू, ते नारळाचं मी स्टेटसला ठेवलं. गावाकडनं लई जणांनी हसून पाठवलं."
"माझं नाव ठेवलंस?"
"नाव नव्हतंच की त्याच्याखाली. तुमचं हाय व्हय ते?"
गोविंदरावांचीच कृपा. पण तिच्या कराडपर्यंत लोक हसले म्हणून दिवसभर बरं वाटत होतं.

१३ फेब्रु.
प्रकाश अवेळी घरी. बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसला. रेखाच्या स्टेटसचा कुणीतरी फोटो काढून त्याच्या साहेबांपर्यंत पोचवला. राजकारणावर फौजीने बोलायचं नाही, हा नियम. फोन रेखाचा, पण सिम प्रकाशच्या नावावर. म्हणजे बोलला तोच.
हवालदारकीच्या कोर्सला त्याचं नाव लागलं होतं. आता थांबवलंय.
"साहेबांनी विचारलं, लिहिलं कुणी. म्हणलं माहीत नाही, फॉरवर्ड आलंय."
"माहीत होतं ना तुला? रेखाने सांगितलं असेल."
"तुमच्या घरात राहतो, काकू. तुमचं नाव कसं घेऊ."
साहेब साताऱ्याचे. त्यांना नारळ समजावून सांगावा लागला नसणार.

१४ फेब्रु.
ग्रुपवर सगळं सांगितलं, बबीनाला जाऊन माझं नाव सांगणार हेही, आणि विचारलं, कुणी कुणी पुढे पाठवलं तेवढं बोला, पोराच्या उपयोगी पडेल. उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या. मग गोविंदरावांनी मूळ मजकूरच पुसून टाकला आणि ग्रुप फक्त ॲडमिनसाठी केला. ॲडमिन तेच. संध्याकाळी त्यांनी गुलाबाच्या फुलासह सुविचार टाकला.
परवापर्यंत या नारळाला गल्लीगल्लीत बाप होते. आज पोरका.

१५ फेब्रु.
लखनौहून निखिलचा फोन. कुणी कळवलं असेल, सांगायला नको. "आई, तू कहीं नहीं जाएगी. तुझं पेन्शन आहे. माझं प्रोबेशन आहे."
"मी माझं नाव सांगणार आहे, तुझं नाही."
"आडनाव एकच आहे ना. झाँसीत या आडनावाची घरं किती? आपलं एक. कोणीही शोधेल."
मग तो हळू आवाजात, "लोगों के लिए बहुत लड़ ली, आई. एकदा माझ्यासाठी गप्प बस."
लहानपणी ताप आला की याच आवाजात बोलायचा.

१७ फेब्रु.
परवा वर कढी पाठवली होती. वाटी आज आली, धुऊन, पालथी, रिकामी. दोन वर्षांत पहिल्यांदा. चिमूटभर साखर तरी असायची.

१८ फेब्रु.
जिन्यात रेखा भेटली. वाट अडवून विचारलं, बोलत का नाहीस.
"काय बोलू. तुम्ही लिवायचं, आमी निस्तरायचं. तुमाला बसल्या जागी पेन्शन येतीय."
बाजूला होऊन तिला वाट दिली.

१९ फेब्रु.
दिवसभर घरात. फोन उघडला की नवे विनोद. मंत्री, महागाई, बायको, सगळं एकाच ओळीत. सगळे बिननावाचे. कालपर्यंत यांना मी भेकड म्हणत होते.

२० फेब्रु.
प्रकाशला गाठलं. सोमवारी साहेबांपुढे पुन्हा पेशी आहे. विचारलं, मी येऊन सांगितलं तर सुटशील?
"लिहिणारा कोण ते कळलं तर बरं, असं साहेब म्हणत होते. पण गेलं आमच्याच नंबरवरनं. ते काय पुसत न्हाई."
"म्हणजे उपयोग होईल की नाही?"
"काय सांगू, काकू."
निखिलला हे कळलं तर म्हणेल, मग जातेसच कशाला. बरोबरच म्हणेल. उपयोगाचं ठरलं असतं तर निदान शौर्य तरी झालं असतं.

२२ फेब्रु.
निखिलला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला: उद्या बबीनाला जातेय. पाठवला. निळी खूण लगेच.

२३ फेब्रु., सोमवार
गेटबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. ऊन आहे.
ऑटो दारात आला तेव्हा रेखा आधीच येऊन उभी होती. शेजारी बसली. सगळा रस्ता बाहेर बघत होती.
गेटवरचा जवान कोवळा, बोली इकडचीच. "किनसें मिलने है, अम्मा?" साहेबांचं सांगितलं. "का काम है?" म्हटलं, त्यांच्या एका माणसावर जो आरोप आहे, ती चूक माझी आहे. त्याने मला खालून वर पाहिलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.
"नाम?"
पर्समध्ये फोन थरथरायला लागला. न बघताही कळत होतं कोणाचा.
पूर्ण सांगितलं. आडनावासकट.
त्याने आत फोन लावला. ऐकलं, ठेवला. "बैठो. पूछ कें बतात हैं।" प्रकाश सकाळपासून आतच आहे.
फोन थांबला. परत सुरू झाला.
रेखाच्या मांडीवर डबा आहे, फडक्यात बांधलेला. त्याच्यासाठी आणलाय की माझ्यासाठी, विचारलेलं नाही.