फाट्याकडून बघितलं तर

तीर्थरूप लिंबाजीमामा यांस,

सिद्धोधनचा सविनय जयभीम. आईचे गुडघे सोडले तर इकडं सगळं ठीक आहे. तुमची तब्येत ठीक असेलच. (असेल ना?)

पत्रास कारण की, माणिकरावांच्या गिरणीच्या भिंतीवर मी फवारणीची चित्रकथा काढली. अट एकच होती, अक्षर एकही नको. दळण घेऊन आलेल्या माणसाला नुसतं बघून कळलं पाहिजे. म्हणून चार चौकटी केल्या. पहिलीत माणूस तोंडाला फडकं न बांधता पाठीवर पंप घेऊन निघतो, दुसरीत बांधावर टेकतो, तिसरीत आडवा होतो, चौथीत नुसतं उघडं दार आणि उंबऱ्याबाहेर चपला. चेहरा तुमचा घेतला. (रागावू नका, फडकं न बांधणारा दुसरा माणूस आठवेना. चपलेचा हिरवा टाकासुद्धा तुमचाच.) गावाकडून येणाऱ्याला गोष्ट लख्ख कळते. पण बस थांबते फाट्यावर, आणि तिकडून येणाऱ्याला चौथी चौकट आधी लागते. त्याला आधी रिकाम्या चपला दिसतात, मग तुम्ही आडवे, मग उठून बसलेले, शेवटी पंप घेऊन चाललेले. मेलेला माणूस उठून कामाला लागतो! क्रम कळावा म्हणून आकडे टाकले, तर दोघांनी ते मटक्याला लावले.

इथवर हसण्यासारखं होतं. मग शेजारच्या कडूबाई दळणाला मुद्दाम फाट्याचा वळसा घालून यायला लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गावाकडून आलं की तुजा मामा मरायलाय बाबा. तिकडून आलं की उठायलाय." सोमवारी मात्र डोक्यावरचं दळण तसंच घेऊन माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "आता तिकडून बी उठंना झालाय."

भर दुपारी जाऊन बघितलं. चित्र जसंच्या तसं होतं. फक्त चपला मी दाराकडं तोंड करून काढल्या होत्या, त्या रस्त्याकडं तोंड करून होत्या. (माझ्याच हातून तशा निघाल्या असतील. उन्हात डोकं चालत नाही.)

आपला भाचा,
सिद्धोधन

ता.क. : पालमच्या बसचे कंडक्टर आदिनाथ हे पत्र आणून देतील. तुमच्या हातातच द्या, उंबऱ्यात टाकू नका, असं त्यांना बजावलंय. सोमवारपासून तुमचा फोन बंद लागतोय. सोमवारीच फवारणी करणार होतात ना? मळ्यात एकटं राहायचा हट्टही तुमचाच. मीच यायला हवं, पण मामा, लय भीती वाटते. उघडं दार बघायची छाती होत नाही.

पुन्हा ता.क. : पत्र मिळताच निघा. गिरणीपाशी पाच मिनिटं उभे राहा, तुमच्याकडं बघून चित्रातल्या तोंडाला फडकं बांधतो. आणि फाट्यावर उतरून तसेच सरळ या. गावाकडून येऊ नका.