काठ दिसतो तोवर खाडी

बगदाद, आश्विन शुद्ध ३, शके १८५५

ती. गं. भा. आवडाआत्या हिच्या पायांवर साडेतीन हजार मैलांवरून डोकं ठेवून हरीचा नमस्कार. चि. सौ. श्यामलेचाही नमस्कार, पण तिला हल्ली वाकायला जमत नाही म्हणून तो उभ्यानंच मानून घे. तुझा डोळा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालतेस, की देवघरातल्या कोनाड्यात ठेवून त्यांनाच रोज हात जोडतेस? यंदा सुपारी कशी धरली? मागल्या दारच्या माडावरचा भुंग्यांचा त्रास गेला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, श्यामला तर जरा जास्तच खुशाल आहे. हे पत्र शेजारचा बाळाजी मास्तर ओटीवर बसून तुला वाचून दाखवणार, असं धरून चाललो आहे. तेव्हा बाळाजी, तुला एकच सूचना. कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी, तो मोठ्यानं वाचायचा नाही. (कळलं ना? आणि चष्मा पूस.)

गेल्या दिवाळीत बगदादच्या कंपनीचं नकाशे काढायच्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. लढाईच्या साली तुझे यजमान, आमचे काका, इस्पितळातले कारकून म्हणून आगबोटीनं बसऱ्याला गेले आणि परत आली ती नुसती त्यांची ट्रंक. तेव्हापासून आपल्या घरात आगबोट हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. तू म्हणालीस, "जायचं तर खुशाल जा. पण समुद्र ओलांडून गेलास, नाहीतर समुद्र ओलांडून आलास, तर हे दार तुला बंद. धर्मात बसत नाही ते माझ्या घरात बसत नाही." आता ज्याला आई नाही, बाप नाही, सगळा मिळून एक आत्या आणि एक दार, त्यानं ते बंद करून घेऊन कसं चालेल? मुंबईहून बसरा म्हणजे आगबोटीनं फार तर दहा दिवस. आम्ही मोटारीनं पावणेतीन महिने गेलो. इथले लोक तोंडात बोट घालून विचारतात, असं का? मी म्हणतो, तुम्ही आमची आत्या पाहिलेली नाही.

मोटार अलिबागच्या वकिलांची जुनी. तिचा भोंगा ऐकून तू म्हणालीस, "अगोबाई, ही तर आपल्या विकलेल्या गंगीसारखी हंबरते," आणि तिला हळदकुंकू लावलंस, तेव्हापासून तिचं नाव गंगी. मी ती चालवायला शिकलो नागावच्या पुळणीवर, ओहोटी असताना. पुळणीवर मोठी सोय ही की वळावं लागत नाही. सरळ आक्षीपर्यंत जायचं, खाली उतरायचं, चार कोळ्यांना हाका मारून मोटार ढकलून फिरवून घ्यायची आणि सरळ परत यायचं. त्यामुळे वळण म्हणून काही असतं हे मला पहिल्यांदा अलिबागच्या नाक्यावर कळलं. (त्या पानवाल्यानं दुकान पुन्हा उभं केलं का रे?)

तू आम्हाला पोचवायला धरमतरपर्यंत आलीस. दोन मचवे एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून, गंगीला त्यांवर चढवलं, आणि ऐन वेळी मला अवदसा आठवली. मी म्हणालो, "आत्या, हे पाणी तर खारं आहे!" झालं. मचव्यांचा तांडेल थांबला, भरती थांबेना, श्यामला रडवेली. तू पाण्याकडे पाहिलंस, पलीकडे पाहिलंस आणि निवाडा दिलास, "पलीकडचा काठ दिसतो ना? मग ही खाडी. खाडीला दोष नाही. काठ दिसेनासा झाला की तो समुद्र." काय तो निवाडा! तुझी स्वतःची डोळ्यांसाठी रेवसहून लाँचनं मुंबईला जायची वहिवाटही त्यात बरोबर बसते. (आणि त्या लाँचमध्येसुद्धा ती पाण्याकडे पाठ करून बसते, डोळे मिटून. मी पाहिलं आहे. हे वाचू नकोस.) श्यामलेनं तो निवाडा माझ्या नकाशाच्या मागल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घेतला आणि पुढे पावणेतीन महिने मला वाचून दाखवला.

सक्करला सिंधू लागली. मार्गशीर्षातली सकाळ, धुकं असं दाट की पलीकडचा काठ राहू दे, पुलाचा तिसरा खांबही दिसेना. मी गंगी पुढे घालणार, तोच हिनं माझं मनगट धरलं. काठ दिसत नाही म्हणे. अगं, नदी आहे, गोडं पाणी आहे, वर सरकारनं बांधलेला पूल आहे. तर म्हणते, नदीचं नाव काय? सिंधू. आणि सिंधू म्हणजे काय? आत्या, शास्त्रीबुवांच्या नातीशी माझं लग्न तूच जुळवलंस, तेव्हा हे तूच भोग. सिंधू म्हणजे समुद्र! झालो आम्ही पुलाच्या तोंडाशी उभे. मागे बैलगाड्या, त्यांच्यामागे उंट, उंटांच्या मागे एक लालबुंद साहेब. पोलीस धावत आला. मी माझ्या हिंदीत सांगितलं, "आत्याका हुकूम है." त्यानं विचारलं, कोण आत्या? मी म्हणालो, अलिबागका आत्या. आत्या हा कुणी कलेक्टरच्या वरचा अंमलदार असावा असं समजून त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि मागच्या सगळ्यांना, साहेबासकट, दहा वाजेपर्यंत थोपवून धरलं. धुकं विरलं, काठ दिसला, मग आम्ही डौलात पार झालो.

इराणच्या नाक्यावर याहून कहर. जकातीचा अधिकारी मिशाळ आणि संशयी. त्यानं पोत्यात हात घातला आणि आपल्या वाडीतला नारळ बाहेर काढला. जन्मात नारळ पाहिलेला नाही! बाँब समजून तो टेबलाखाली, त्याचे शिपाई भिंतीपलीकडे. शेवटी श्यामलेनं पदर खोचला आणि त्याच्याच कचेरीच्या पायरीवर नारळ फोडून पाण्याची वाटी त्याच्या मिशांखाली धरली. प्यायला. डोळे मोठे झाले. हा मेवा कुठला, असं त्यानं खुणेनं विचारलं. मी म्हणालो, अलिबाग. आत्या, तो उठून उभाच राहिला. "अली? बाग?" म्हणजे त्यांचे ते थोर अली, आणि बाग म्हणजे इराणातही बागच! अलीच्या बागेतलं फळ! त्यानं करवंटी कपाळाला लावली, शिपायांना हाका मारल्या, मला कडकडून मिठी मारली. श्यामलेनं वर गूळ ठेवून सर्वांना खोबरं वाटलं, अगदी पालीला देवळात वाटतात तसं. चाळीसपैकी एकोणीस नारळ तिथेच संपले, पण आमची एक पेटी कुणी उघडली नाही. (मी त्याला खरं काही सांगितलं नाही, पण खोटं तरी कुठं बोललो?)

पुढे यझ्द शहराच्या अलीकडे एके दुपारी समोर सगळं पांढरंफटक. मीठ! आपल्या खारेपाटातली मिठागरं आठव, पण बांध नाही, माणूस नाही आणि पलीकडचा काठ तर नाहीच नाही. श्यामलेनं खाली उतरून बोट लावून चाखलं आणि नकाशा उलटा केला. खारं आहे, काठ नाही. मी म्हणालो, अगं बाई, पाणी कुठं आहे? तर म्हणते, आटला म्हणून काय झालं, मुळात समुद्रच ना? मी डोकं धरून बसलो. तीच मग गंगीच्या टपावर चढली, कपाळावर हात धरून तासभर क्षितिज न्याहाळलं आणि एकदम ओरडली, "दिसला! डोंगर दिसला! काठ आहे!" आणि आनंदानं तिनं जी उडी मारली ती टपाचं कापड फाडून थेट लोणच्याच्या बरणीवर. तिला लागलं नाही, बरणी गेली. तिथून बगदादपर्यंत आम्ही उघड्या मोटारीत, वरून ऊन, खालून लोणच्याचा वास, पण मनाला टोचणी म्हणून नाही.

बगदाद तेरा मैलांवर राहिलं असताना गंगीनं एकदा दीर्घ हंबरून मान टाकली. शेवटचे तेरा मैल तिला दोन गाढवांनी ओढलं. मी आत चाक धरून बसलो होतो, उगीचच. नोकरीवर मुदतीच्या दोन दिवस आधी हजर झालो. गंगी आता घरमालकाच्या अंगणात आहे, तिच्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. बाकी इथे काही कमी नाही. खजूर मुबलक, नदी दारात, साहेब बरा. आमची मुळीच काळजी करू नकोस. मागणं काही नाही, पत्र सहज लिहिलं.

तुझा
हरी

ता. क. मागणं आहे. श्यामलेला सहावा महिना आहे. तिला आई नाही हे तुला ठाऊकच. तिचं एकच म्हणणं, बाळंतपण नागावला, आवडाआत्याच्या हातून. गंगीत कोंबड्या असल्यामुळे यायला वाट एकच उरते. तिचं नाव मी घेत नाही, ती पाण्यावर चालते आणि धूर सोडते. हो किंवा नाही, तारेनं कळव. (बाळाजी, हे चहा झाल्यावर वाच.)

आणखी ता. क., बसरा. पत्र टाकायचं राहिलं, कोटाच्या खिशातच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, प्रवास करायचा तर याच महिन्यात, म्हणून कंपनीची रजा घेऊन निघालो. उत्तराची वाट पाहायला सवड नव्हती. आत्ता धक्क्यावर उभा आहे. काका इथेच उतरले असतील. आत्या, मला रडू आलं, आणि एक गोष्ट कळली. तू धर्माचं नाव पुढे करतेस, पण तुझं धर्माशी भांडण नाही, या पाण्याशी आहे. त्यानं तुझं माणूस परत दिलं नाही. मी तुला दोघं परत आणून देतो, खरं म्हणजे अडीच. आणि ऐक, पलीकडे खजुरीची रांग आहे, थेट आपल्या आक्षीच्या माडांसारखी. म्हणजे काठ दिसतो.

आणखी एक ता. क., आगबोटीवर (लिहिला एकदाचा शब्द!). काठ दिसेनासा झाला म्हणून श्यामलेनं अन्न टाकलं होतं. मुरूडचा एक खलाशी भेटला. हिनं त्याला विचारलं, हा समुद्र कुठला? तो म्हणाला, "समिंदर कुठला, बाय? ही तर फारसची खाडी हाय. आमी समदे खलाशी खाडीच म्हनतो." खाडी! श्यामलेनं उठून दोन वेळचं एकदम जेवून घेतलं.

कराचीच्या पुढे. खोटं सांगत नाही. आज दिवसभर काठ दिसला नाही आणि याला खाडी म्हणणारा कुणी भेटला नाही. आम्ही दोघं तुझ्यासारखीच पाण्याकडे पाठ करून बसलो, डोळे मिटून. तुझंच नाव घेत होतो.

शेवटचं ता. क., नागाव. हे पत्र टपालानं आलेलं नाही, पाकिटावर तिकीटही नाही, हे बाळाजीला ठाऊक आहे. मीच ते मघाशी त्याच्या हातात कोंबलं. आम्ही विहिरीपाशी रहाटाच्या मागे आहोत, श्यामला पालथ्या बादलीवर बसली आहे. इथून तुझी ओटी दिसते. विहिरीपासून ओटीपर्यंत पंचवीस पावलं. पलीकडचा काठ अगदी स्वच्छ दिसतो आहे, आत्या.

(बाळाजी, हे कंसात असलं तरी मोठ्यानं वाच, खूप मोठ्यानं: येऊ का?)