चार स्क्रू आणि एक संशयास्पद सुतार

४ फेब्रुवारी २०२५, कंपाला
ग्रंथालयात इतरांची पुस्तके फडताळात लावणाऱ्या मुलीने स्वतः लेखणी उचलावी, हे धाडसच आहे. त्याबद्दल या कोऱ्या पानाची प्रथम क्षमा मागते.

संकल्प: पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यायची नाही.

कारण: डॉक्टर अमोडिंग फार हसतात. कमरेचा एक मणका पुढे घसरला आहे, असे त्यांनी चित्रावर बोट ठेवून दाखवले. छोटे छेद, चार स्क्रू, दोन सळया, आणि दोन मणके कायमचे एकजीव. दुसऱ्याच दिवशी चालवू, म्हणाल्या. ‘छोटे’ हा शब्द त्या फार वेळा उच्चारतात. ज्या गोष्टी खरोखर छोट्या असतात, त्यांचा असा जप करावा लागत नाही.

६ फेब्रुवारी
आत्या म्हणते, "अगं नान्तेझा, दोन वर्षं व्यायाम झाले, सुया टोचून झाल्या. आता काय पाठीची मनधरणी करणार आहेस?"

खरा पेच वेगळा आहे. २४ मे रोजी क्वांजुला, म्हणजे मुलीच्या घरी होणारा मागणीचा सोहळा आहे. माझा होणारा नवरा कियिंगी, त्याच्या घरचे सारे आमच्या मांडवात येणार आणि मला प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर गुडघे टेकावे लागणार. माझे गुडघे उत्तम आहेत, परंतु उठण्याचे काम पाठीकडे आहे. हे त्यांना कळले, तर सोयरीक मोडेल. म्हणून गुप्तता. आत्याला शपथ घातली. तिने ती फार पटकन घेतली. लक्षात ठेवले.

१३ फेब्रुवारी
विजय! कियिंगीच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बल्ब आणायला गेले. ते समोर दिसताच गुडघे टेकून अभिवादन केले. आणि पाठ अडकली. डाव्या पायात वीज शिरली. मी नतमस्तक, निश्चल.

म्हातारबाबा गल्ल्यावरून गिऱ्हाइकांना ओरडून सांगू लागले, "आजकालच्या पोरी गुडघा टेकतात न टेकतात तोच उठतात. ही बघा, उठतच नाही! याला म्हणतात संस्कार!"

ते आत गेल्यावर सिमेंटच्या पोत्याला मिठी मारून उठले. कोणालाही काहीही कळलेले नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ
पाठीशी तह करण्याचा नवा कार्यक्रम आखला आहे. पहाटे चालणे, दुपारी ताठ बसणे, संध्याकाळी सकारात्मक विचार.

त्याच दिवशी, दुपार
चालणे पावसामुळे रद्द. ताठ बसणे ताठ बसता न आल्यामुळे रद्द. सकारात्मक विचार करून पाहिला. तो डाव्या पायातून निघून गेला.

२५ फेब्रुवारी
मोजे घालता आले नाहीत. आत्याने घातले; ती दाराशी तयारच उभी होती. हे पूर्वनियोजित वाटते.

शस्त्रक्रियेस संमती दिली आहे. हा संकल्पभंग नव्हे. डॉक्टरांचा दावा आतून तपासून पाहण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

३ मार्च
उद्या. कियिंगीकडे आत्याने निरोप धाडला की मी मसाक्याला आजीकडे जाते आहे. त्याने विचारले म्हणे, "आजीकडे उशी बरी आहे ना?" उशी का?

५ मार्च
जिवंत आहे. डॉक्टर अमोडिंगनी खरोखर दुसऱ्या दिवशी चालवले. छेद छोटे आहेत. जखमा ठणकतात, परंतु पायातल्या मुंग्या गेल्या आहेत. कुठे गेल्या, हे कोणीच सांगत नाही.

नियम: वाकायचे नाही, वळायचे नाही, जड उचलायचे नाही. गुडघे टेकण्याविषयी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "मे महिन्यात पाठ ताठ ठेवून एखाददुसऱ्या वेळी टेक. पण शंभर पाहुण्यांपुढे शंभरदा उठबस केलीस, तर माझे स्क्रू मला परत दे."

६ एप्रिल
‘मसाक्याहून’ परतल्यावर प्रथमच कियिंगी भेटला. त्याची किल्ली खाली पडली म्हणे. ती शोधता शोधता त्याने माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत वीत लावली. मी पाहिले नाही, असे त्याला वाटते.

११ एप्रिल
टॅक्सीतून जाताना ब्वाइसेच्या रस्त्यावर कियिंगी दिसला. सुताराच्या टपरीपुढे, शवपेट्यांच्या रांगेत! एका फळीवर हात फिरवून तो मान डोलावत होता. शेजारी त्याचे वडील, कानावर पेन्सिल खोचून.

माप. फळी. उशी. सारे जुळते. शस्त्रक्रियेची बातमी त्यांना लागली आहे आणि मी टिकणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले आहे. मी संशयी नाही, परंतु मला वाचता येते.

१२ एप्रिल
आत्या म्हणाली, "तो सुतार खाटा, बाकं, कपाटंही करतो, बाई. मेलेल्यांवरच विसंबला असता तर उपाशी मेला असता." तिला हसू आवरेना.

मी कियिंगीला कठोर निरोप पाठवला: "आपल्या काष्ठविषयक व्यवहारास माझी संमती गृहीत धरू नये. यापुढील मौन हेच माझे उत्तर समजावे."

त्याचे उत्तर: "काही समजलं नाही. जेवलीस का?"

उत्तर दिले नाही. त्याने रोज तेच विचारले. रोज दिले नाही.

२३ मे
उद्या. सोयरीक मोडल्याचे मी मौनाने कळवले आहे, तरी आत्या मातोकेची हिरवी केळी सोलायला बायका बोलावते आहे. निर्णय: मांडव भरणारच असेल, तर मी दर वेळी गुडघे टेकीन. स्क्रूंचे काय व्हायचे ते होवो. पाठ दिसू द्यायची नाही.

२४ मे
सकाळी त्यांच्याकडून कापडात गुंडाळलेली वस्तू आली. आत्याने सोडली. एक बुटके, पुढे उतरते आसन. माझ्या गोमेसी झग्याचा घेर त्यावर पसरला की बसलेली मी हुबेहूब गुडघे टेकल्यासारखी दिसते. पाठ ताठ.

मी विचारले, त्यांना कोणी सांगितले? आत्या म्हणाली, "मीच. फेब्रुवारीतच. तुझ्या सासऱ्याने तर तुला पोत्याला लोंबकळताना पाहिलं होतं. दाराआड उभा राहिला बिचारा, तुला लाज वाटू नये म्हणून."

आणि शपथ? "शपथ घेतली होती, बाई. पाळीन असं कुठे म्हटलं होतं?"

मांडवात मी आसनावर बसून साऱ्यांना अभिवादन केले. रांगच्या रांग पुढे सरकत गेली आणि मी तशीच. शेवटी म्हातारबाबा उभे राहिले आणि मांडवाला ऐकू जाईल असे गरजले, "ही बघा, उठतच नाही!"

मांडव हसला. सगळा. आमच्या बाजूचाही. म्हणजे माझ्या पाठीचे गुपित जगात फक्त मलाच गुप्त वाटत होते.

पाहुणे गेल्यावर आसन उलटे करून पाहिले. खालच्या फळीवर पुसट रंगात अर्धीच अक्षरे: ‘चिरशांती ला—’. शवपेटीचेच लाकूड. म्हणजे माझा संशय अगदीच निराधार नव्हता.

हे कियिंगीला सविस्तर कळवावे, म्हणून निरोपाचा मसुदा केला. परिच्छेद पाडले. सारे खोडले. शेवटी एकच शब्द उरला.

"जेवले."

पाठवला: २४ मे २०२५, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे.