करंगळीखालचे तीन स्विच

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, उगाच हुरळून जाऊ नकोस. तुझा कीबोर्ड काल माझ्या दुकानातल्या टेबलावर आला. गोल्याच्या हाती पाठवलास, पावतीवर नावही त्याचंच. तो बिचारा दारातच घामाघूम झाला होता. तुमच्या गेमिंगच्या संघात नेम धरायला शिकवतात, खोटं बोलायला शिकवत नाहीत असं दिसतं. मी त्याला काही विचारलं नाही. डाव्या शिफ्टचा कोपरा घासून गुळगुळीत झालाय, तेवढं मला पुरे होतं. एकाच बटणाचा एकच कोपरा असा झिजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, आणि तो माझ्याच आईच्या पोटी जन्मला.

चिठ्ठी वाचली. 'सगळे स्विच लाल, पस्तीस ग्रॅमचे, सगळे सारखे. रविवारी अंतिम सामना, घाई आहे.' नमस्कार नाही, चमत्कार नाही. अक्षर मात्र तुझंच, कोंबडीच्या पायाचं.

बटणांखालच्या स्विचच्या बाबतीत तू पहिल्यापासून असाच. आधी तुला निळे हवे होते, कारण ते कटकट वाजतात आणि वाजलं की आपण फार वेगात खेळतोय असं वाटतं. बाबा शेजारच्या खोलीत कानावर उशी दाबून झोपायचे. मग तपकिरी घेतलेस, दाबताना मधे हलका अडथळा लागतो ते. महिन्याभरात त्यांनाही नावं ठेवलीस. मग लाल, सरळ खाली जाणारे, आणि त्यातही सगळ्यात हलके, पस्तीस ग्रॅमच्या दाबाला खाली जाणारे, कारण कुठल्याशा जगज्जेत्याचे तसे आहेत म्हणे. जगज्जेत्याची बोटं कशी आहेत ते कुणी पाहायचं? मी गिऱ्हाइकाला आधी टेबलावर हात ठेवायला सांगते आणि दोन मिनिटं नुसती बघत बसते. कुणी बोटं अधांतरी धरतं, कुणी टेकवतं. स्विच हात बघून निवडायचा असतो. तुझी करंगळी टेकते. सात वर्षांचा असताना ती दारात सापडली आणि पुन्हा धड सरळ झालीच नाही. दार मी लोटलं होतं.

म्हणून आता जे कधीच सांगितलं नाही ते ऐक. सहा वर्षं मी तुझ्या प्रत्येक कीबोर्डमध्ये करंगळीखालच्या तीन बटणांना, शिफ्ट, कंट्रोल आणि टॅबला, जड स्विच बसवत आले. सत्तर ग्रॅमचे, म्हणजे करंगळी नुसती टेकली तर बटण दबत नाही. स्विच उघडून आतली स्प्रिंग बदलायची आणि वरून दिसणारी दांडी लालच ठेवायची, म्हणजे तुला पत्ता लागत नाही. तू चारचौघांत सांगत फिरायचास की मी पस्तीस ग्रॅमवर खेळतो, माझा हातच तेवढा हलका आहे. मी गालातल्या गालात हसायचे. त्या दाराची लाज वाटायची, म्हणून गप्प बसायचे. चूक माझीच. तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी उपांत्य फेरीच्या आठवडाभर आधी तू मला न विचारता दुसरीकडून सगळे स्विच बदलून घेतलेस. मग व्हायचं तेच झालं. तू खेळातल्या भिंतीआड दबा धरून बसलेला, करंगळी शिफ्टवर टेकली आणि धुराचा डबा आपोआप फुटला. पलीकडच्या पाचही जणांना तुझी जागा कळली. इथपर्यंत माझी तक्रार नाही, हरतं माणूस. पण माईक हातात आल्यावर हजारो लोकांसमोर तू म्हणालास की शिफ्टचा स्विच अडकला, आमच्या ताईने बसवला होता, घरच्यांना काम देऊ नये हेच खरं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण म्हणे माझं! तो कीबोर्ड तू आईकडे टाकून गेलास तेव्हा मी उघडून पाहिला. एकही स्विच माझा नव्हता. माईकवर बोलतानाही तुला ते माहीत होतं.

त्या आठवड्यात तीन संघांनी माझ्याकडचं काम काढून घेतलं. एका मुलीने तिचा कीबोर्ड आहे तसा परत मागितला, 'तुमचे अडकतात ना' म्हणाली. आई म्हणते, लहान आहे, सोडून दे. सव्वीस वर्षांचा घोडा अजून लहान! वर्षभरात तुझा एक फोन नाही. मला तुझा राग येतो, रोज सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना येतो. गोल्याने जाता जाता सांगितलंच, चार दुकानं पालथी घातलीस तरी धूर आपोआप सुटतोच. तेव्हा ताई आठवली, तीही मागच्या दाराने.

हे पत्र खोक्यात ठेवते आहे ते एवढ्यासाठी, की या वेळी मी चिठ्ठीत लिहिलंय अगदी तेच केलंय. सगळे लाल, पस्तीस ग्रॅमचे, सगळे सारखे. एकेक दोनदा तपासलाय, खोट काढून दाखव. सत्तर ग्रॅमचे तीन वेगळ्या पिशवीत आहेत, काढायचा चिमटाही आहे. बसवायला दोन मिनिटं लागतात. पण त्यांच्या दांड्या या वेळी काळ्या आहेत, आणि सामन्याआधी पंच सगळ्यांसमोर बटणं काढून बघतात. हे तीन वेगळे का, असं ते विचारतीलच. माझी करंगळी टेकते, गेल्या वर्षीही तीच टेकली होती, एवढं माईकवर सांगून टाक. नसेल सांगायचं, तर आहेत तसे राहू दे आणि खेळ. मी पहिल्या रांगेतलं तिकीट काढलंय.

तुझीच, दुसरी कुणी मिळत नाही म्हणून,
ताई