डब्ब्यातला वाघ

प्रिय माधवीताई,

अक्षर पाहून हसू नको, घाईत लिहून राह्यलो. इथी नेटवर्क पुन्हा गेलं, म्हणून पत्र प्रफुलच्या हाती देतो. तो उद्या त्याची गाडी घेऊन नागपूरले येते.

हॉस्टेलले जाताना तू मले तुझा जुना लॅपटॉप दिला तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, आठवते? सहा वॅटचा प्रोसेसर, आत पंखासुद्धा नाई. यूट्यूबवर त्याची स्पीड टेस्ट पाहून मी म्हटलं होतं, हा लॅपटॉप नाई, डब्बा होय. तूही प्रोजेक्टच्या वेळी त्याच्यापुढं रडली होती, अन् आई तुले सोडून त्यालेच पदरानं वारा घालत होती! पण खरं सांगू, मले तो आवडायले लागला. सोलरच्या बॅटरीवर दिवसभर चालते, बिलकुल आवाज नाई. फक्त ऊन चढलं का तापते, अन् मग स्वतःच स्पीड कमी करते. मी त्याले माठाजवळ नेऊन ठेवतो. आई म्हणते, पाव्हण्याले पाणी पण पाज.

वाघावर नजर ठेवणाऱ्या गावच्या पथकानं मोहाच्या झाडांजवळ कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की फोटो आपोआप निघते, अन् ते फोटो मी या डब्ब्यावर पाहतो. काल दुपारी पाहून राह्यलो होतो. रानडुकरं, शेजारच्या भैयाजीची म्हैस, हेच सगळं. एक फोटो उघडता उघडेना. आधी नुसता धुरकट. मग आई दिसली, वाकून मोहफुलं वेचून राह्यली, बाजूले टोपली. मले हसू आलं, म्हटलं ताईले पाठवू. मग मागचं झुडूप साफ दिसायले लागलं. ताई, त्या झुडपात डोळे होते. पट्टे होते. आईच्या पाठीपासून आपल्या अंगणाएवढंही अंतर नाई. कालच्याच सकाळचा फोटो! त्यानंतर घरी येऊन तिनं मले भात वाढला होता, वरणात मीठ बरोबर आहे का विचारलं होतं.

मी ओरडतच तिले दाखवला. तिनं पाह्यला, अन् हसली! म्हणे, भैयाजी सिंदेवाहीहून मोबाईलमधी ते खोटे बनवलेले व्हिडिओ भरून आणते, त्यातला वाघ तर खाटेवर बसून चहा पेते. तुया वाघाले चहा पण येत नाई काय? आज पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली गेली. पथकातला हेमराजभाऊ अन् मी थाळ्या वाजवत मागं उभे, अन् साऱ्या बायका मलेच हसून राह्यल्या. आजचं निभलं. मोहाचा सीझन तर आत्ता सुरू झाला.

माझं ती ऐकणार नाई. तिच्यासाठी मी मोबाईलवाला पोट्टा, हा वाघही मीच लॅपटॉपवर बनवला असं तिले वाटते. पण हा लॅपटॉप किती हळू आहे, हे तिनं तुझ्याजवळ बसून पाह्यलं आहे. एका पानावर चार फोटो लावायले त्यानं तुले किती रडवलं, तिले सगळं माहीत आहे. म्हणून तुले लिहून राह्यलो. प्रफुलच्याच गाडीनं परत ये. तिच्यासमोर बस अन् एवढंच सांग, की आई, या डब्ब्याले वाघ बनवता येत नाई.

वाटेकडं डोळे लावून बसलेला,
तुझाच
आयुष